स्वयंपाकघराची कपाटं सुटी करताना



घर बदलणं हा इथल्या आयुष्याचा भागच झाला आहे. नोकरी बदलली, मुलांची शाळा बदलली, की आपण निघालो खोकी बांधून! अमेरिकेत आल्यापासून आम्ही दोघांनी पाच वेळा बिऱ्हाड हलवलं. शेवटच्या खेपेला, न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलायनात येताना, आम्ही एक जादा उद्योग अंगावर घेतला. तळघरातलं आख्खं स्वयंपाकघर सुटं करून बरोबर आणलं.

तळघरातलं स्वयंपाकघर म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. वरच्या घरात तळणीचा वास भरू नये आणि दिवाळीत चकल्या-कडबोळ्यांना मोकळी जागा मिळावी, म्हणून आपल्यातल्या बऱ्याच घरांत खाली एक छोटा ओटा असतो. आमचा २०१२ साली झाला. सपाट खोक्यांतून मिळणारी तयार कपाटं आणली, आणि त्या वर्षी इथे आलेल्या बाबांच्या मदतीने तीन शनिवार-रविवार खपून ती जोडली. बाबा आता एवढा प्रवास करत नाहीत. त्यामुळे "नवीन घ्या, स्वस्त पडेल" हा सगळ्यांचा सल्ला पटत असूनही मन तयार होईना.

काम शेवटी नीट पार पडलं. पण पहिल्याच तासात एक कपाट अंगावर येता येता राहिलं. ते का झालं आणि नंतर आम्ही काय बदललं, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी प्रश्न हक्काचा

इथे घर विकताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. घराला कायमची जोडलेली वस्तू कायद्याच्या भाषेत 'फिक्स्चर' समजली जाते आणि ती सहसा घराबरोबरच विकली जाते. भिंतीला स्क्रूने पक्की केलेली स्वयंपाकघराची कपाटं त्यातच मोडतात. तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतली, स्वतः बसवली, याने फरक पडत नाही. करार झाल्यावर ती काढून नेलीत, तर घर घेणारा तक्रार करू शकतो.

यावर दोन उपाय आहेत. घर विक्रीला लावण्याआधीच कपाटं काढून भिंत दुरुस्त करून घ्यायची, किंवा 'ही कपाटं विक्रीत नाहीत' असं जाहिरातीत आणि विक्रीच्या करारात स्पष्ट लिहून घ्यायचं. तोंडी बोलण्यावर भिस्त ठेवू नका. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, कारण भिंतीतली भोकं बुजवली नाहीत तर ते पैसे डिपॉझिटमधून जातात. नियम राज्यागणिक थोडे बदलतात, म्हणून आपल्या एजंटला किंवा वकिलाला एकदा विचाराच.

नेण्यासारखी आहेत का?

आपल्याकडे सुतार घरी येऊन प्लायवुडची कपाटं करायचा. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकत. ही कपाटं वेगळ्या जातीची. आयकिया कंपनी स्वीडनमध्ये १९४३ साली सुरू झाली, आणि १९५६ च्या सुमारास टेबलाचे पाय सुटे करून सपाट खोक्यात विकण्याची कल्पना तिथे रुजली. अमेरिकेतलं त्यांचं पहिलं दुकान १९८५ मध्ये फिलाडेल्फियाजवळ प्लिमथ मीटिंगला निघालं. आज अशा पद्धतीची कपाटं कितीतरी कंपन्या विकतात. सपाट खोक्यामुळे वाहतूक स्वस्त, म्हणून कपाटही स्वस्त. मात्र यातली बहुतेक कपाटं पार्टिकल बोर्डाची असतात. लाकडाचा चुरा आणि भुसा चिकटद्रव्यात कालवून, दाबून हे बोर्ड करतात आणि त्यावर गुळगुळीत पापुद्रा चढवतात.

या बोर्डाचे दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे पाणी. एकदा ते पाणी पिऊन फुगलं की पुन्हा पूर्ववत होत नाही. दुसरा म्हणजे तोच तो स्क्रू पुन्हा पुन्हा काढणं-घालणं. स्क्रू पहिल्यांदा बसतो तेव्हा भुशात आटे कोरतो. प्रत्येक वेळी ते आटे थोडे झिजतात, आणि मग स्क्रू नुसता गरगर फिरतो, धरत नाही. म्हणून या लेखाचं सार एका वाक्यात सांगायचं तर: उघडल्याशिवाय चालणारच नाही तेवढंच उघडा.

न्यायचं की नाही हे ठरवण्याआधी एवढं पाहा:

१. सिंकखालच्या कपाटाचा तळ आणि बाजूच्या फळ्यांची खालची कड हाताने चाचपा. फुगलेली, मऊ किंवा भुगा पडणारी असेल तर ते कपाट तिथेच सोडा.

२. सांधे गोंदाने चिकटवलेले असतील तर ते सुटणार नाहीत, तुटतील. असं कपाट अखंडच न्यायला हवं.

३. नव्या जागेची मापं घ्या. खिडकी, सिंकचा पाइप आणि विजेचे प्लग कुठे आहेत तेही कागदावर काढा.

४. सुटे भाग अजून मिळतात का ते बघा. उदाहरणार्थ, आयकियाने २०१५ मध्ये अमेरिकेत 'अकुरम' ही मालिका बंद करून 'सेक्शन' आणली. दोन्हींची मापं वेगळी असल्याने नवी दारं जुन्या सांगाड्यांना बसत नाहीत. तुमची कपाटं त्याआधीची असतील तर एकेक दार जपायला हवं. आणि कुणी ती पुण्याला पाठवायचा विचार करत असेल, तर भारतात आयकियाची 'मेटॉड' मालिका मिळते. ती सेंटिमीटरच्या मापाची, इथली इंचाची. दारांची अदलाबदल होत नाही.

चांगल्या स्थितीतली पण नको असलेली कपाटं फेकू नका. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची 'रीस्टोअर' दुकानं अशी कपाटं देणगी म्हणून घेतात. प्रत्येक दुकानाचे नियम वेगळे, म्हणून आधी फोन करावा.

तयारी

हत्यारं फार लागत नाहीत. हाताचा स्क्रूड्रायव्हर, षटकोनी ॲलन चावी, ओटा सोडवायला धारदार कटर, भिंतीतले स्टड शोधायचं यंत्र, सुरक्षा चष्मा, हातमोजे, पुढून बंद असलेले बूट. (चपला घालून हे काम करू नये. आम्ही सुरुवात चपलांवरच केली होती!)

स्क्रूच्या डोक्याकडे नीट पाहा. युरोपीय पद्धतीच्या कपाटांत फुलीसारखे दिसणारे स्क्रू बहुधा 'पोझिड्राइव्ह' जातीचे असतात. मोठ्या फुलीच्या मध्ये बारीक चार रेघा दिसल्या की ओळखावं. त्याला नेहमीचं फिलिप्सचं टोक लावलं तर ते घसरतं आणि स्क्रूचं डोकं खराब होतं. २ नंबरचं पोझिड्राइव्ह टोक बहुतेक ठिकाणी चालतं. विजेचा ड्रिल वापरायचाच असेल तर सर्वांत कमी जोरावर ठेवा.

आता तीन गोष्टी ज्यांत हयगय चालत नाही:

वीज. कपाटाखाली दिवे असतील तर आधी ब्रेकर बंद करा. मग टेस्टरने प्रवाह गेल्याची खात्री करा. दिव्याची वायर थेट भिंतीत जात असेल तर ती इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या.

पाणी. सिंकखालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा आणि पाणी थांबल्याचं बघा. मगच खाली बादली ठेवून पाइप सोडवा. भिंतीतून येणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपाला लगेच बूच मारा, नाहीतर गटाराचा वायू घरात येतो.

गॅस. गॅसच्या पाइपाला आपण हात लावायचा नाही. परवानाधारक माणूस बोलवायचा. यात पैसे वाचवू नयेत.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरांसाठी असा रंग त्या वर्षी बंद झाला. अशा भिंतीवरचा रंग खरवडू किंवा घासू नका, आधी तपासून घ्या. लहान मुलं असलेल्या घरात तर हे फारच महत्त्वाचं.

खुणा करा, मग हात लावा

निळ्या रंगाची पेंटर्स टेप घ्या आणि प्रत्येक कपाटाला नाव द्या: वर-१, वर-२, खाली-१, खाली-२. दाराला, फळीला, ड्रॉवरला तेच नाव, पुढे 'डा' किंवा 'उ', म्हणजे डावं की उजवं. सगळ्याचे फोनवर फोटो काढा, दारं उघडून आतलेही.

स्क्रू प्रत्येक कपाटाच्या वेगळ्या झिपलॉक पिशवीत घाला, पिशवीवर नाव लिहा आणि ती पिशवी त्याच कपाटाच्या आत चिकटवा. याआधीच्या घर बदलताना आम्ही सगळे स्क्रू हौसेने श्रीखंडाच्या एकाच रिकाम्या डब्यात भरले होते. नव्या घरी ते निवडण्यात आख्खा रविवार गेला, तांदूळ निवडावेत तसा!

काढण्याचा क्रम

जोडताना जे शेवटी केलं ते काढताना आधी, हा साधा नियम.

१. सामान आणि फळ्या. कपाट पूर्ण रिकामं करा. आतल्या फळ्या काढा आणि त्यांच्या खुंट्याही पिशवीत टाका.

२. दारं. बहुतेक बिजागऱ्यांना मागच्या टोकाला एक चाप असतो. तो दाबला की दार सुटतं. आधी खालची बिजागरी सोडवा, वरची शेवटी, आणि दुसऱ्या माणसाने दार धरून ठेवायचं. बिजागरीची वाटी दारातच राहू द्या आणि तिची पट्टी सांगाड्यावर. ते स्क्रू काढायची गरज नसते. जुळवणीच्या स्क्रूंनाही हात लावू नका, म्हणजे नव्या घरी दारं फारशी न जुळवता बसतात.

३. ड्रॉवर. पूर्ण बाहेर ओढा. काहींना पुढच्या बाजूला खालून दोन चाप असतात, काही नुसते पुढून उचलले की निघतात. अडलं तर जोर लावू नका. खाली वाकून, टॉर्च लावून बघा.

४. खालची पट्टी आणि बाजूची सजावट. जमिनीलगतची पट्टी सहसा पायांना क्लिपने अडकवलेली असते आणि ओढली की निघते.

५. भिंतीवरची कपाटं. खालची कपाटं आणि ओटा जागेवर असतानाच वरची काढा, कारण टेकू द्यायला ओटा उपयोगी पडतो.

आमची चूक इथेच झाली. शेजारशेजारची दोन कपाटं भिंतीला तर जोडलेली असतातच, शिवाय बाजूच्या फळ्यांतून एकमेकांनाही जोडलेली असतात. आम्ही पहिल्या कपाटाचे भिंतीतले स्क्रू आधी काढले. कपाट हललंसुद्धा नाही. वाटलं, रंगाने चिकटलं असेल. खरं तर ते शेजारच्या कपाटाच्या जिवावर लटकत होतं. एकाने उजव्या हाताने मधला जोडस्क्रू फिरवला, डावा हात नुसता टेकवलेला, आणि कपाट धाडकन खाली आलं. ओट्याच्या कडेवर आपटून त्याचा कोपरा फुटला. हात थोडक्यात वाचला. स्क्रू गोळा करायला तिथेच उभी असलेली आमची धाकटी मिनिटभरापूर्वी पाणी प्यायला वर गेली होती. त्यानंतर आम्ही अर्धा तास नुसते बसून होतो.

मग क्रम बदलला, तो असा: आधी एकमेकांना जोडणारे स्क्रू काढायचे, दोन्ही कपाटं भिंतीवर पक्की असतानाच. मग काढायच्या कपाटाखाली टेकू द्यायचा. ओट्यावर भरलेली, मजबूत खोकी रचून वर फळी ठेवली तरी चालते, फक्त ती कपाटाच्या तळाला घट्ट भिडली पाहिजे. मग एकाने दोन्ही हातांनी कपाट धरायचं, दुसऱ्याने भिंतीतले खालचे स्क्रू आधी आणि वरचे सर्वांत शेवटी काढायचे. धरणाऱ्याच्या हातात हत्यार नको, आणि मुलं खोलीत नकोत.

काही कपाटं, आयकियाची धरून, भिंतीवरच्या धातूच्या रुळावर टांगलेली असतात. त्यांचे आतल्या वरच्या कोपऱ्यांतले बोल्ट सैल करून कपाट दोघांनी मिळून उचलून काढायचं. रूळ सर्वांत शेवटी सोडवायचा.

वजनाचा अंदाज हवा असेल तर आमचा हिशेब असा: ३० इंच रुंद, ३० इंच उंच, १२ इंच खोल कपाट दारं-फळ्यांसकट जेमतेम ५० पौंडांपर्यंत जातं. नुसता सांगाडा साधारण २५ पौंड. दारं आधी का काढायची, ते यावरून कळेल.

६. उंच कपाट. जमिनीपासून छताकडे जाणारं उंच कपाट सर्वांत फसवं. जमिनीवर उभं असतं म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण भिंतीतले स्क्रू निघाले आणि दारं तशीच असली, की सगळं वजन पुढे येतं आणि ते तोंडावर पडतं. दारं-ड्रॉवर काढून, एकाने धरून, मगच वरचा स्क्रू सोडवा आणि दोघांनी हळूच पाठीवर आडवं करा.

७. ओटा आणि खालची कपाटं. लॅमिनेटचा किंवा लाकडी ओटा खालून स्क्रूने धरलेला असतो. भिंतीलगतचं सिलिकॉन कटरने कापा आणि मगच उचला. ग्रॅनाइट असेल तर नाद सोडा. ३ सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन दर चौरस फुटाला १८ पौंडांच्या आसपास असतं, आणि सिंकच्या भोकापाशी ते तडकतं. ते काम त्या धंद्यातल्या माणसांचं.

सांगाडा सुटा करायचा का?

शक्य असेल तर करू नका. ट्रकमध्ये जागा असेल तर रिकामा सांगाडा अखंड नेलेला बरा. आत उशा, पांघरुणं भरा, म्हणजे तेवढी खोकीही वाचतात.

करावाच लागला तर आधी पाठीची पातळ फळी काढा. ती सांगाडा काटकोनात ठेवते. ती निघाल्यावर सांगाडा डुगडुगतो, म्हणून तो जमिनीवर आडवा असू द्या. मग फळ्यांतल्या गोल चकत्या, म्हणजे कॅम लॉक, डावीकडे साधारण अर्धा वळसा फिरवा. चकतीवरचा बाण बोल्टाकडे आला की सांधा सुटतो. न सुटल्यास पुन्हा फिरवून बघा, पण हातोडीने ठोकू नका. बोल्टाभोवतीचा बोर्ड फुटला तर दुरुस्ती अवघड.

भोक सैल झालंच, तर लाकडाचा गोंद लावलेल्या टूथपिक आत घट्ट बसवा, वरचा भाग कापा, एक दिवस वाळू द्या. मग तिथेच स्क्रू पुन्हा धरतो. आमचे असे अकरा स्क्रू अजून टिकून आहेत.

ट्रक आणि विमा

सुट्या फळ्या कडेवर उभ्या ठेवा, आडव्या रचून वर वजन टाकू नका. कोपऱ्यांना पुठ्ठा लावा. चकचकीत दारांवर पॅकिंगची टेप थेट चिकटवू नका, पापुद्रा निघून येतो. आधी कापड किंवा कागद, मग टेप.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना मूव्हर्सच्या जबाबदारीचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे पूर्ण किमतीची जबाबदारी, तिचे पैसे पडतात. दुसरा प्रकार वेगळे पैसे न घेता मिळतो, पण त्यात भरपाई दर वस्तूला, दर पौंडाला फक्त ६० सेंट. म्हणजे ५० पौंडांचं कपाट फुटलं तर ३० डॉलर! शिवाय खोकं तुम्ही स्वतः भरलं असेल तर आतल्या मोडतोडीचा दावा सिद्ध करणं कठीण जातं. सही करण्याआधी कोणत्या प्रकारावर खूण केली आहे ते वाचा, आणि ट्रक भरण्याआधी कपाटांचे फोटो काढा.

नव्या घरी

जोडण्याची घाई असते, कारण चहा कुठे करायचा हा प्रश्न असतो! तरी कपाट पातळीत बसवा आणि भिंतीतल्या लाकडी स्टडमध्येच स्क्रू जाऊ द्या. स्टड सहसा १६ इंचांच्या अंतरावर असतात. नुसत्या ड्रायवॉलवर भरलेलं कपाट टिकत नाही.

उंच कपाट भिंतीला बांधल्याशिवाय त्यात एक बरणीही ठेवू नका. पहिल्या आठवड्यात घरभर अर्धवट जोडलेलं फर्निचर असतं आणि मुलं नव्या घराच्या आनंदात चढत असतात. जून २०१६ मध्ये मुलांच्या मृत्यूंनंतर आयकियाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती. भिंतीला न बांधलेली ती कपाटं पुढे कलंडत होती. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये 'स्टर्डी' कायदा झाला, आणि सप्टेंबर २०२३ पासून कपड्यांच्या नव्या कपाटांना कलंडण्याबाबतचे कडक नियम लागू झाले. पण तुमच्या घरातली जुनी कपाटं भिंतीला बांधायचं काम तुमचंच आहे.

आमचं म्हणाल तर नऊपैकी आठ कपाटं इथे लागली. कोपरा फुटलेलं नववं गॅरेजमध्ये आहे, त्यात आता हत्यारं असतात. जोडताना एका फळीच्या मागे बाबांनी पेन्सिलने मराठीत लिहिलेलं 'वरची बाजू' सापडलं. ती फळी आम्ही तशीच, त्यांनी सांगितलेल्या बाजूने, बसवली आहे.

तेव्हा मंडळी, काम दोघांनी करा, मुलांना शेजारी पाठवा, बूट घाला, आणि शेवटचा स्क्रू काढण्याआधी टेकू दिला आहे ना, हे एकदा बघा. नव्या घरासाठी शुभेच्छा!